चमच्याची चव

शेफील्डमध्ये नोव्हेंबरात चार वाजताच अंधारतं,
ते माझ्या सोयीचं असतं.
माझं संयुग उजेडाला भितं.
बाळंतिणीला कान बांधून दारापर्यंत न्यावं
तसं मी त्याला फॉइलमध्ये गुंडाळून
फ्रीजपासून टेबलापर्यंत नेते.

आई फोनवर म्हणाली, 'रु... काय?
सोनं-चांदी नाही का मिळालं?'
आहे ना. सोनं शेजारच्या टेबलावर इडवाल करतो.
प्लॅटिनम तर जुनं, माझ्या जन्माआधीपासून वॉर्डात,
माणसं वाचवतं
आणि त्यांची बोटं बधिर करतं.
माझ्या वाट्याला रुथेनियम आलं.

त्याला नाव नाही. वहीत नुसतं एकेचाळीस.
आधीची चाळीस कपाटात, चिमुकल्या बाटल्यांत:
विटकरी, केशरी,
एक तर ओट्यावरच्या न निघणाऱ्या हळदीसारखं.

पेशी कुणा बाईच्या. नाव पुसलंय, नंबर ठेवलाय.
ती जाऊन वीस वर्षं झाली.
तिची गाठ अजून दिवसाआड
माझ्या हातचं जेवते.
मी तिला बरोबर सदतीस अंशांवर ठेवते,
माझ्या फ्लॅटमध्ये एवढी ऊब कधी नसते.

ऑक्टोबरात पेशंट लॅब बघायला आले.
एनिड स्टॅनिफोर्थ, वय एक्याऐंशी.
पंधराव्या वर्षापासून चमच्यांना पॉलिश करायची,
अंगाला तपकिरी कागद, डोक्याला लाल रुमाल,
संध्याकाळी नाकातून काळं यायचं, म्हणाली.
मी पडद्यावर दाखवत होते
धातू पेशीत कसा शिरतो, कुठल्या जिन्यात अडकून बसतो,
तर तिनं मधेच विचारलं,
'ते सगळं ठीक, लव्ह. पण चवीचं काय?'

सलाइन सुरू झाल्यापासून
चहा, बटाटा, नातवाच्या वाढदिवसाचा केक,
सगळ्याला एकच चव. चमच्याची.
'चाळीस वर्षं मी त्यांना चाटूनपुसून लख्ख केलं,
आता ते माझ्या तोंडात राहायला आलेत.'
निवृत्तीला मिळालेला बारा जणांचा सेट कपाटात,
आणि ती जेवते
मासे तळणाऱ्याकडच्या प्लॅस्टिकच्या काट्यानं.

माझ्याकडे सत्तावीस स्लाइडा होत्या.
मी म्हटलं, हातानं जेवून बघा ना.
आम्ही तसंच जेवतो.

तिनं हात उलटा-सुलटा करून पाहिला,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
'बोटांना आता काही कळत नाही, लव्ह.'

प्लॅटिनम. मला माहीत होतं.
सहाव्या स्लाइडवर मीच लिहिलं होतं ते,
बारीक अक्षरात, खाली.

बहात्तर तास.
वर पिवळं पाणी घालायचं,
जिवंत पेशी त्याला जांभळं करतात,
मेलेल्या पिवळंच ठेवतात.
गुरुवारी सकाळी शहाण्णव खळग्यांत
एकेचाळीसनं ओळीच्या ओळी पिवळ्या केल्या होत्या.
इडवालनं टेबलावर थाप मारली.
मग मी दुसरी प्लेट काढली, निरोगी पेशींची,
तीही तितकीच पिवळी.
अगदी तितकीच.
तो काही बोलला नाही. किटली लावायला गेला.
मी वहीत लिहिलं: मारतं. ओळखत नाही.
शाई वाळेपर्यंत तिथंच बसून राहिले.

शुक्रवारी कार्ड आलं, अक्षर कापरं,
पेन बोटांतून दोनदा निसटल्याच्या रेघांसकट.
'स्कोन हातानं खाल्ला.
निम्मा मांडीवर सांडला.
चव चमच्याचीच.
पण एक चमचा कमी घासावा लागला.'

मी ते एकेचाळीसच्या पानात ठेवलं
आणि दिवा मालवला.
बेचाळीस अजून ओलं आहे,
फॉइलखाली वाळतंय.